मुमताज बेगमची साक्ष वाचायला हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बावला खून प्रकरणाला शंभर वर्षे उलटल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला दीर्घ लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने वाचला आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे, घटनाक्रम नीट मांडला आहे आणि भाषा सुबक आहे, हे प्रथम मनापासून नोंदवते. तरीही हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. लेखात, पूर्वी इंदूरच्या महाराजांच्या पदरी असलेल्या आणि त्या खुनाच्या वेळी बावलांसोबत असलेल्या मुमताज बेगमचा उल्लेख ‘गादी गिळणारी मोहिनी’ असा केलेला आहे. तिच्या रूपावर, नाचावर आणि दागिन्यांवर तीन परिच्छेद खर्ची पडले आहेत. मात्र याच बाईने मुंबईच्या उच्च न्यायालयात उभे राहून शपथेवर जे सांगितले, त्यातले एकही वाक्य लेखात नाही.

माझे माहेर इंदूरचे. आजोबा होळकर संस्थानच्या हिशेबखात्यात कारकून होते आणि आमचे घर राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर होते. घरात संस्थानच्या गोष्टी सतत चालत. दसऱ्याची मिरवणूक, गणपतीची आरास, महाराजांची शिकार यांविषयी मोठी माणसे आम्हा मुलांसमोर मोकळेपणाने बोलत. एका गोष्टीचा विषय निघाला की मात्र आजीचा आवाज खाली येई. “त्या बाईपायी महाराजांची गादी गेली,” एवढेच ती म्हणे आणि आम्हाला बाहेर खेळायला पाठवी. मी ते वाक्य खरे धरून मोठी झाले, पुढे शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवला, आणि तरीही ते वाक्य तपासून पाहावे असे मला फार उशिरा सुचले. म्हणूनच आपल्या लेखकांवर मी रागावलेली नाही. त्यांनी लिहिले ते आमच्या घरात, आमच्या गल्लीत, आमच्या सगळ्या शहरात बोलले जात होतेच.

ज्यांच्या वाचनातून तो लेख निसटला असेल त्यांच्यासाठी मूळ हकीकत थोडक्यात सांगते. १२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मुंबईतले धनाढ्य व्यापारी आणि महापालिकेचे तरुण सभासद अब्दुल कादर बावला मुमताज बेगमसह मलबार हिलवर मोटारीतून फेरफटका मारत असताना दुसऱ्या एका मोटारीने त्यांची गाडी अडवली. त्या मोटारीतून उतरलेल्या माणसांनी मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला, बावलांवर गोळ्या झाडल्या आणि तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी त्याच वेळी तिथे पोहोचले. त्यांच्यातले लेफ्टनंट सेगर्ट स्वतः गोळी लागून जखमी झाले, तरी हातातल्या गोल्फच्या काठीने ते हल्लेखोरांशी झुंजले. त्यामुळे मुमताज वाचली आणि काही हल्लेखोर हाती लागले. बावला मात्र वाचले नाहीत. ते अवघे २५ वर्षांचे होते. पोलिसांचा तपास इंदूरपर्यंत जाऊन पोहोचला. न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे ज्यूरीसह खटला चालला आणि मे १९२५ मध्ये शफी अहमद, पोंडे आणि दिघे या तिघांना फाशीची शिक्षा झाली. संस्थानातले बडे अधिकारी सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना उभे होते. फणसे फाशीतून वाचले, पण त्यांना जन्मठेप झाली. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी गादी सोडली आणि त्यांचे सतरा वर्षांचे पुत्र यशवंतराव गादीवर आले.

आता एक साधे गणित करावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे. खटल्याच्या वेळी मुमताजचे वय २२ वर्षांचे होते असे त्या काळच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. न्यायमूर्तींनी आपल्या निवेदनात तिचा उल्लेख दहा वर्षे इंदूरच्या महाराजांच्या पदरी असलेली स्त्री असा केला. बावीसमधून दहा वजा केले की बारा उरतात. माझ्या वर्गात सहावी-सातवीच्या ज्या मुली बसत त्यांचे हे वय. वजाबाकी एखाद्या वर्षाने पुढेमागे होईल असे धरले, तरी ज्या बाईला आपण ‘मोहिनी’ म्हणतो ती इंदूरच्या वाड्यात आली तेव्हा परकरी वयाची मुलगी होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९१ पासून संमतिवयाची मर्यादा बारा वर्षांची होती, आणि ज्या वर्षी हा खटला चालला त्याच १९२५ साली ती विवाहबाह्य संबंधांसाठी चौदा वर्षांवर नेण्यात आली. हा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे, हे मला ठाऊक आहे. पण त्या काळी सगळेच असे होते, आजच्या मापाने तेव्हाच्या माणसांना मोजू नये, असे जे नेहमी सांगितले जाते त्याला या दोन सालांनी परस्पर उत्तर मिळते. मुलीचे वय किती असावे यावर त्या पिढीत, याच देशात, जाहीर वाद झडत होते आणि कायदे बदलत होते.

मुमताज गाण्या-नाचण्याच्या पेशातल्या घरातून आली होती. तिची आई अमृतसरची. अशा घरातली मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या पदरी जाणे हे तेव्हा नशीब उघडल्याचे लक्षण मानले जाई. आपल्या मराठी कागदपत्रांत अशा स्त्रीला ‘नाटकशाळा’ हा शब्द सर्रास आढळतो. बखरींतून आणि दप्तरांतून तो इतक्या सहजपणे येतो की हत्ती, घोडे, पालख्या यांच्या यादीत तो वाचताना आपण थबकतही नाही. बोलीतला ‘अंगवस्त्र’ हा शब्द तर त्याहून उघडा आहे. अंगावर घ्यायचे आणि उतरवून ठेवायचे वस्त्र. लग्नाच्या राणीला देवघरात, सणावारात, दरबारी पत्रव्यवहारात एक जागा असे आणि तिच्या माहेरालाही काही वजन असे. पदरी ठेवलेल्या बाईचे सगळे वजन एका माणसाच्या मर्जीवर तोललेले असे. मर्जी असेपर्यंत तैनात, दासी, दागिने, मोटारी. मर्जी फिरली की यातले काय आपले आणि काय खासगीच्या तिजोरीतले, हे ठरवणारेही तेच. तिला मुलगा झाला तर तो ‘लेकावळा’. त्याला निदान एक नाव तरी होते.

अशी एखादी स्त्री मोठ्या मानानेही राहिली, याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या विरूबाईचा मान राण्यांपेक्षा कमी नव्हता, हे मी नाकारत नाही. पण तो मान महाराजांनी दिला म्हणून होता.

इंदूरचा दरबार तेव्हा कसा होता, हेही नीट सांगायला हवे, कारण ‘विलासी संस्थानिक’ या दोन शब्दांत तो गुंडाळला की काहीच कळत नाही. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांना १९०३ मध्ये गादी सोडावी लागली आणि बारा वर्षांचे तुकोजीराव नाममात्र राजे झाले. वयात आल्यावर त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आला. याच राजाने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरला बोलावून शहराचा आराखडा करवून घेतला. गेडिस यांचा १९१८ चा अहवाल नगररचनेचे अभ्यासक आजही वाचतात. गटारे कशी असावीत, नदीकाठ कसा राखावा, गरिबांच्या वस्त्या पाडण्याऐवजी कशा सुधाराव्यात, याचा त्यात बारकाईने विचार आहे. त्याच वर्षी इंदुरात हिंदी साहित्य संमेलन भरले आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मराठा-धनगर विवाहांचा जो आग्रह धरला होता, त्याला होळकरांनी साथ दिली आणि युवराज यशवंतरावांचा विवाह १९२४ मध्ये कागलच्या संयोगिताबाईंशी झाला. आमच्या आजोबांना या सगळ्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. मला अस्वस्थ करते ते हेच की शहराच्या गल्लीबोळांतून मोकळी हवा कशी खेळेल याचा नकाशा ज्या दरबारात पसरला होता, त्याच दरबारातल्या एका मुलीला दाराबाहेर एकटीने पाऊल टाकता येत नव्हते. सुधारणा वाड्याच्या उंबरठ्याशी येऊन थांबत असे. तिथून पुढे महाराजांचा खासगी मामला सुरू होई आणि त्या खासगीपणात शिरण्याची हिंमत दिवाणालाही नसे, रेसिडेंटालाही (संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीलाही) नसे.

तिने साक्षीत काय सांगितले ते आता सांगते. आपल्यावर सतत नजर ठेवली जात असे, असे ती म्हणाली. भेटायला माणसे येत, नातलगही येत, पण कोणीतरी नेहमी हजर असे. एकांतात कोणाशी बोलणे नव्हते. इंदुरात तिला मुलगी झाली. ती मुलगी दाईंनी मारली, असा आरोप तिने न्यायालयात उघडपणे केला आणि त्यानंतर इंदुरात राहण्याची आपली इच्छा उरली नाही, असे सांगितले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही. हा आरोप खरा की खोटा, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवले नाही आणि मीही ठरवत नाही. मुंबईच्या न्यायालयापुढे प्रश्न होता बावलांच्या खुनाचा आणि इंदूरच्या हद्दीत घडलेल्या गोष्टींवर त्या न्यायालयाचा अधिकारच चालत नव्हता. पण एक आई शपथेवर असे सांगते आणि शंभर वर्षे त्या प्रकरणाच्या कथा रंगवणारे आपण ते वाक्य बाजूला ठेवून तिच्या डोळ्यांचे वर्णन करतो, याचे मला फार वाईट वाटते. आमच्या आजीला स्वतःला दोन मुली लहानपणीच गमवाव्या लागल्या होत्या. तिला मुमताजची ही साक्ष कोणी वाचून दाखवली असती तर ‘त्या बाईपायी’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले नसते, अशी माझी खात्री आहे.

त्यानंतर काही महिन्यांत मुमताज इंदुरातून निसटली आणि अमृतसरला आईच्या गावी गेली. तिथेही तिची पाठ सुटली नाही. महाराज रडले, परत येण्यासाठी त्यांनी विनवण्या केल्या, असे तिच्या सावत्र वडिलांनी न्यायालयात सांगितले. काहीजण या रडण्याचा दाखला प्रेमाचा पुरावा म्हणून देतात आणि आपल्या लेखकांनीही ‘प्रेमात वेडा झालेला राजा’ असे शब्द वापरले आहेत. महाराजांच्या मनात प्रेम नव्हते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त एवढेच विचारते की ज्या प्रेमात समोरच्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याला त्या व्यक्तीच्या बाजूने काय म्हणायचे? मुमताज ‘नाही’ म्हणाली आणि मुंबईला आली. इथे तिला बावलांनी आसरा दिला. तिला घरात ठेवू नका, परिणाम वाईट होतील, अशा धमक्या बावलांना येत होत्या, हे खटल्यात पुढे आले. बावलांनी त्या जुमानल्या नाहीत.

एक बारीक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. मलबार हिलवरच्या त्या हल्ल्याचा हेतू मुमताजला पळवून नेण्याचा होता, हे खटल्यात मान्य झालेले आहे. तरीही सुरे चालले ते तिच्या चेहऱ्यावर. ज्या चेहऱ्यासाठी एवढा आटापिटा झाला असे म्हणतात तोच चेहरा विद्रूप करायचा, यात बाईला परत मिळवण्यापेक्षा तिने निघून जाण्याची शिक्षा देण्याचा भाग मोठा दिसतो. हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच मांडते. पण आजही नकार दिलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर अ‍ॅसिड फेकल्याच्या बातम्या आपल्याच दैनिकात छापून येतात, म्हणून तो तर्क मला दूरचा वाटत नाही. त्या जखमांचे व्रण घेऊन ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, नामांकित बॅरिस्टरांच्या उलटतपासणीला सामोरी गेली, आणि सांगायचे ते तिने सांगितले. दहा वर्षे जिच्या प्रत्येक भेटीला पहारेकरी हजर असे, ती बाई भरलेल्या न्यायालयात एका राजाच्या वाड्याविषयी बोलत होती. त्या काळच्या हिंदुस्थानात असे किती स्त्रियांना करता आले असेल? मला या सगळ्या प्रकरणात धैर्याची हीच जागा सर्वात मोठी वाटते, आणि आपल्या लेखात गोल्फच्या काठीला पूर्ण एक रकाना मिळालेला असताना तिच्या साक्षीला दोन ओळीही मिळू नयेत, हे मनाला लागते.

न्यायमूर्ती क्रंप यांनी या गुन्ह्यामागे आणखी व्यक्ती आहेत, मात्र त्या नेमक्या कोण हे आपण दाखवू शकत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. दहा वर्षे इंदूरच्या महाराजांच्या पदरी राहिलेल्या स्त्रीला पळवण्याचा प्रयत्न झाला असताना त्याचा उगम इंदुरात शोधणे मुळीच गैर नाही, असेही ते म्हणाले. यापलीकडे त्यांना जाता येत नव्हते, कारण संस्थानिकाला ब्रिटिश हिंदुस्थानातल्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे करण्याची सोयच नव्हती. सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या, एक चौकशी आयोगाला सामोरे जाण्याची आणि दुसरी गादी सोडण्याची. महाराजांनी दुसरी वाट निवडली आणि मलबार हिलच्या घटनेशी आपला जो संबंध जोडला जातो त्याची यापुढे चौकशी होणार नाही, या समजुतीवर आपण गादी सोडत आहोत, असे लिहून दिले. त्यामुळे त्यांचा दोष सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, आणि मी ते म्हणत नाही. पण चौकशी नको म्हणून गादी सोडण्याचा निर्णय महाराजांचा स्वतःचा होता. त्या निर्णयावर मुमताजची सही नव्हती. तेव्हा ‘तिने गादी घालवली’ या वाक्यातला कर्ता आपण गेली शंभर वर्षे चुकीचा लावत आलो आहोत, असे व्याकरण शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला म्हणावे लागेल.

इंदुरात यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि माझ्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मी हा विषय काढल्यावर तेच दिले. इंग्रजांना एक स्वाभिमानी मराठी राजा डोळ्यांत खुपत होता, म्हणून त्यांनी एका नाचणारीचे निमित्त करून त्याला उतरवले, असे ते म्हणाले. इंग्रज सरकार संस्थानिकांच्या बाबतीत सोयीने नीतिमान होत असे, हे मी मान्य करते. ज्यांच्याकडून उपद्रव नव्हता अशांच्या कितीतरी गोष्टींकडे त्यांनी डोळेझाक केली. परंतु सरकारचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून बावलांच्या शरीरातल्या गोळ्या खोट्या ठरत नाहीत आणि मुमताजच्या गालावरचे वारही पुसले जात नाहीत. पोंडे, दिघे, फणसे ही नावे आमच्याच मराठी घरांतली आहेत. आमच्या आजोबांच्या ओळखीपाळखीत अशीच माणसे असणार. कारकुनापासून सरदारापर्यंत एवढ्या माणसांना एका बाईला पकडून आणणे हे चाकरीचे काम वाटू शकले, यावर आम्ही इंदूरकरांनी विचार करायला हवा होता. तो टाळण्यासाठी ‘इंग्रजांचा डाव’ हे उत्तर आम्हाला फार सोयीचे पडले.

होळकरांच्याच घराण्यातली दुसरी एक स्त्री मला या संदर्भात आठवते आणि तिची आठवण आपल्या लेखकांना व्हायला हवी होती असे वाटते. मुमताजच्या खटल्याच्या शंभरएक वर्षे आधी यशवंतराव होळकर (पहिले) यांच्या पदरी तुळसाबाई होती; बहुतेक इतिहासकार तिला लग्नाची बायको मानत नाहीत. यशवंतरावांना अखेरच्या वर्षांत वेडाचे झटके येऊ लागले तेव्हा कारभार तिच्या हाती आला. १८११ मध्ये ते वारल्यावर, केसरबाईपासून झालेल्या त्यांच्या अल्पवयीन मुलाला, मल्हाररावाला, पुढे करून तिने राज्य चालवले. फौजेचे पगार थकलेले, पठाण सरदार शिरजोर झालेले, पेंढाऱ्यांचा सुळसुळाट आणि दाराशी इंग्रज, असा तो काळ. डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर, ती इंग्रजांशी तह करील या संशयाने तिच्याच फौजेतल्या लोकांनी तिला पकडले आणि क्षिप्रेच्या काठी तिचे डोके उडवले. दुसऱ्या दिवशी लढाई झाली, होळकर हरले, आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरला तह करावाच लागला. जो तह ती करील म्हणून तिला मारले तो तह मारणाऱ्यांच्या पक्षाला करावा लागला. आणि इतिहासाच्या पुस्तकांत तुळसाबाईची ओळख काय, तर रूपवती, क्रूर आणि चारित्र्यहीन. तिच्या हातून कठोर कृत्ये झाली असतील. त्या धामधुमीत ज्यांच्या हातून झाली नाहीत असे सरदार शोधूनच काढावे लागतील. पण सरदारांच्या बाबतीत आपण त्यांचे डाव, त्यांच्या मोहिमा, त्यांच्या चुका तपासतो. तुळसाबाईच्या बाबतीत फक्त बिछाना तपासला गेला.

मी शाळेत शिकवताना महिदपूरच्या लढाईला एक तास देत असे आणि तुळसाबाईचे नाव एका वाक्यात संपवत असे. ते वाक्य काय होते हे मला आठवते, आणि इथे लिहायला मला संकोच वाटतो.

गादी सोडल्यावर तुकोजीरावांचे आयुष्य संपले नाही, हेही लक्षात घ्यावे. १९२८ मध्ये त्यांनी सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. तिने हिंदू धर्म स्वीकारला, शर्मिष्ठादेवी हे नाव घेतले आणि त्या सोहळ्याच्या बातम्या देशोदेशी छापल्या गेल्या. महाराज पुढे पन्नास वर्षे जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसमध्ये वारले. शर्मिष्ठादेवींना इंदुरात मान मिळाला आणि तो योग्यच होता. आमच्या आजीने त्यांना नऊवारीत पाहिल्याचे ती कौतुकाने सांगे. मुमताजवर खटल्याच्याच वर्षी मुंबईत मूकपट निघाला, पोवाड्यासारखी तिची कहाणी गल्लोगल्ली पोहोचली, आणि त्या गाजावाजात ती स्वतः हळूहळू दिसेनाशी झाली. प्रकरणाला नाव मिळाले ते बावलांचे, आणि त्यात काही चूक नाही. त्या तरुणाने प्राण दिला. पण मुमताज जिवंत राहिली, बोलली, आणि तरीही तिचे म्हणणे हरवले.

माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाकडे जुने अंक जपून ठेवलेले असतील आणि १९२५ च्या वृत्तपत्रांत या खटल्याचे रोजचे वृत्तांत सविस्तर छापून येत असत. त्यांतून मुमताज बेगमच्या साक्षीचा भाग शोधून तो पुरवणीत जसाच्या तसा, कोणतेही विशेषण न लावता छापावा. वाचकांना काय वाटायचे ते वाटू दे. दुसरी विनंती लहान आहे. लेखासोबत तिचे जे छायाचित्र छापले आहे, त्याच्याखाली ‘महाराजांची नर्तकी’ एवढीच ओळ आहे. त्याच पानावर महाराजांच्या, बावलांच्या आणि सेगर्ट यांच्या चित्रांखाली मात्र त्यांची पूर्ण नावे आहेत. पुढच्या वेळी ते चित्र वापराल तेव्हा त्याखाली ‘मुमताज बेगम’ असे छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे
(माहेर इंदूर)